पाच जणांचा ड्युटी चार्ट

६ ऑक्टोबर, सोमवार

“पगार वेळेवर, राहायला खोली, दोन वेळचं जेवण. मग आपल्या सिस्टर टिकत काहून नाहीत?” राउंड संपल्यावर आज आमच्या डॉक्टर सरांनी मला विचारलं. चार वर्षं बीएस्सी नर्सिंग केलं, फार्माकॉलॉजीत कॉलेजात पहिली आले, आणि एवढ्या साध्या प्रश्नाला “बघते, सर” म्हणून सटकले.

टीना सिस्टर आज गेली. सहा महिन्यांतली ही तिसरी. तिला साकोलीच्या बसस्टँडवर सोडायला गेले. एक पेटी, एक बादली, बादलीत टेबलफॅन. म्हटलं, “आता तरी खरं सांग, काहून चालली?” तर म्हणाली, “हर्षा, आज दात घासले की नाही घासले, हे मले आठवून नाही राहिलं. उठते तेव्हा सकाळ आहे का संध्याकाळ, तेच समजत नाही ना!” आणि हसत हसत बसमध्ये चढली.

आता हे कारण सरांना कसं सांगू? दात घासायचं विसरते म्हणून कोणी नोकरी सोडतं का?

मला तर नाईट आवडते. वॉर्ड शांत असतो, पेशंटचे कागद नीट भरता येतात. पण मला इथे येऊन सातच महिने झालेत, हेही खरं.

८ ऑक्टोबर, बुधवार

टीना होती तोवर ड्युटी चार्ट तीच लावायची. आता कोण? सर म्हणाले, “ग्रॅज्युएट कोण आहे आपल्यात? हर्षा. झालं मग.” वीस खाटांच्या दवाखान्यात निवडणूक अशी होते!

संध्याकाळी बाबांना फोनवर सहज बोलून गेले. अर्ध्या तासात आमच्या एकोडीत अर्ध्या गावाला कळलं की जागेश्वरची पोरगी सगळ्या सिस्टरांची साहेब झाली. बाबा तरी काय करतील, घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. आई मागून ओरडली, “मंग आता तुले रातची ड्युटी नाही ना व?” आईला नेहमी नेमकं तेवढंच विचारायचं असतं.

गोदावरीबाई आमच्यात वयाने सगळ्यात मोठ्या. मी कॉलेजात शिकले ते त्या हाताने करत आल्यात, तेही तीस वर्षं. मला म्हणाल्या, “पोरी, चार्ट लावणारी म्हणजे पंगतीत वाढणारी. सगळे जेवतात, अन् भाजी कमी पडली की शिव्या तिलेच.”

मी म्हटलं, भाजी कमी पडूच देणार नाही.

९ ऑक्टोबर

बसले चार्ट घेऊन. मोजपट्टी, पेन्सिल, खोडरबर. बाजूला पाच नावं: गोदावरीबाई, शकुंतला सिस्टर, प्रविण ब्रदर, शालू, मी. वर तारखा. एक आठवडा मॉर्निंग, म्हणजे आठ ते दोन. एक आठवडा इव्हिनिंग, दोन ते आठ. एक आठवडा नाईट, रात्री आठ ते सकाळी आठ. मग पुन्हा पहिल्यापासून.

सहा जण होतो तेव्हा बसायचं. पाच जणांत आठवड्याला एक ड्युटी उरतेच. ती कुणाच्या तरी नावावर टाकायची. टाकली माझ्या. मी चार्ट लावणारी, मीच दुसऱ्यांच्या अंगावर टाकली तर बरं दिसेल का?

११ ऑक्टोबर, शनिवार

शालूही जाणार!! माझी शालू. एका खोलीत राहतो, एका साबणाने कपडे धुतो, आणि मला पत्ता नाही.

तिचं माहेर पवनीकडे, कोंढ्याला. लग्न मे महिन्यात झालं. नवरा अतुल तुमसरला राइस मिलमध्ये. तो तिकडे, ही इकडे, सुटी मिळाली की दोन बस बदलून जाते. तुमसरच्याच एका दातांच्या डॉक्टरांनी तिला विचारलंय. दहा ते सहा, रविवार बंद. “दात उपटताना तोंड पकडून ठेवायचं, बस,” म्हणाली. मी चिडले. म्हटलं, तू एवढी चांगली सिस्टर, तोंड पकडत बसशील?

तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “लग्नाले पाच महिने झाले. आम्ही दोघं एका ताटावर अकरा वेळा जेवलो. मी मोजलं आहे. अतुल म्हणते, मले बायको भेटते थे घोरताना.”

मग तिने उलगडून सांगितलं. नाईटचा आठवडा सोमवारी सकाळी आठला संपतो. तो सोमवारच तिची साप्ताहिक सुटी! मंगळवारी सकाळी पुन्हा ड्युटी. म्हणजे सुटी कोणती? तर जी रात्रभर जागल्यावर झोपेत जाते ती. ती बसमध्ये झोपते, तुमसरला पोचून झोपते, उठते तर परतीची बस.

हे मीही करत आलेय की! मला फक्त वाटायचं, दवाखान्यात असंच असतं. झोपेच्या दिवसाला सुटी कोण म्हणतं? टीनाच्या दातांचा अर्थ आज कळला.

शालूला म्हटलं, मला थोडे दिवस दे. म्हणाली, “दातवाल्यांनी तीस नोव्हेंबरपर्यंत वेळ देली आहे. एक तारखेले या म्हणतात. तू काय करते मंग?”

काय करते ते आता बघच!

१३ ऑक्टोबर, सोमवार

सरांकडे गेले. कागदावर मुद्दे लिहून नेले होते, तो टेबलावर ठेवून बोलले. नाईट संपते तो दिवस झोपेचा, तो सुटीत मोजू नका. सुटी त्याच्या दुसऱ्या दिवशी द्या. सिस्टर टिकतील.

सर वाईट नाहीत. ऐकून घेतलं. चष्मा पुसला. म्हणाले, “हर्षा बेटा, मले काही हौस नाही तुम्हाले जागवायची. पण माणसं पाच. तू चार्टमध्ये बसवून दाखव. तीस नोव्हेंबरपर्यंत बसलं, अन् तोवर एकही सिस्टर गेली नाही, तर एक डिसेंबरपासून नियम करतो. लिहून देतो.”

लिहून देतो!! जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

१४ ऑक्टोबर

आधी आठवड्याला एक ड्युटी उरत होती. झोपेचा दिवस वेगळा काढला तर दोन उरतात. दोनच! दोन म्हणजे काहीच नाही. दर आठवड्यात माझी सुटी घालायची आणि एक डबल करायची. सहा आठवडे. मी पंचवीस वर्षांची आहे, गहू-तांदळाची पोती उचललेली पोरगी आहे.

(कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर प्रत्येक जण “नको नको” म्हणेल आणि चार्ट बिघडेल.)

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रा, सुरू. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, आणि आपल्या गावच्या मंडईला गेलं नाही तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. टीनाच्या वेळी यावरूनच भांडणं व्हायची. मी शास्त्रशुद्ध काम केलं. प्रत्येकाकडून गावच्या मंडईची तारीख लिहून घेतली आणि त्या दिवशी त्याला ऑफ. हिरव्या पेनाने. चार्ट इतका देखणा झाला की नोटीस बोर्डवर लावून मी दोनदा लांबून बघून आले.

१८ ऑक्टोबर

फजिती!

प्रविण ब्रदर बोर्डासमोर उभे राहून मोठ्याने वाचत होते. “प्रविण, मंडई, ऑफ. वा! दुसऱ्या दिवशी, मॉर्निंग.” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, तुम्ही एकोडीच्या का लंडनच्या? नाटक सुटते सकाळी पाचले. पाहुणे उठतात दहाले. मी आठले इथी येऊन कोणाले सलाईन लावू, पाहुण्यांले?”

सगळा वॉर्ड हसला. पेशंट हसले. टाके घातलेली बाई पोट धरून हसली, तिला मी हसू नका म्हणून बजावलं.

मंडईची मजा रात्रीच्या नाटकात असते, हे मी, एकोडीची पोरगी, विसरले कशी? बाबांच्या खांद्यावर बसून मी नाटकं पाहिली आहेत! कॉलेजच्या चार वर्षांत एक तरी मंडई पाहिली का मी? नाही. दर वेळी परीक्षा.

म्हणजे मंडईला प्रत्येकी दोन दिवस. पुन्हा खोडरबर. गोदावरीबाईंनी एक गाठ सोडवली, “मले नोव्हेंबरभर नाईट दे. दिवसा धान कापायचं आहे.” मी म्हटलं, बाई, मग झोपणार कधी? “शेताच्या धुऱ्यावर. जेवण झालं की घंटाभर. तुझ्या कॉलेजात नाही शिकवत थे.” मी तत्त्वाने नाही म्हटलं. त्या तत्त्वाने रुसल्या. शेवटी दोन आठवडे दिले.

उरलेल्या चौकटी माझ्या.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन वॉर्डात. औषधांच्या कपाटाला झेंडूचं तोरण, सलाईनच्या स्टँडला आकाशकंदील. शकुंतला सिस्टरने घरून चिवडा आणला. मॉर्निंग आणि इव्हिनिंग दोन्ही माझ्याच होत्या, त्यामुळे चिवडा मलाच जास्त मिळाला.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आज शालूचा पहिला खरा झोपेचा दिवस. नाईट करून आली, आंघोळ केली, दुपारी तीनपर्यंत मेल्यासारखी झोपली. सुटी उद्या! चारच्या बसने तुमसरला गेली. जाताना मला घट्ट धरलं. “उद्याचा पूरा दिवस माझा? खरंच?” म्हणाली.

खरंच. तिची उद्याची मॉर्निंग मी करतेय. चार्टमध्ये तिला ते दिसत नाही, कारण तिथे कधी तिचं नाव नव्हतंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

शालू कोंढ्याची मंडई करून आली. अतुललाही घेऊन गेली होती. पाळण्यात बसल्यावर तो रडायचा बाकी होता म्हणे. मला काचेच्या बांगड्या आणल्या, दवाखान्यात घालता येत नाहीत हे माहीत असून! म्हणाली, “आता एका ताटावर सतरा वेळा झालं.”

दातांच्या डॉक्टरांचं नाव तिने काढलं नाही. मीही काढलं नाही.

५ नोव्हेंबर

झोपले. एवढंच लिहायला उठले होते.

९ नोव्हेंबर, रविवार

काल एकोडीची मंडई. माझीही दोन दिवसांची सुटी होती, चार्टमध्ये हिरव्या पेनाने. पण ऐन वेळी शकुंतला सिस्टरच्या मुलीला ताप आला, म्हणून शुक्रवारची नाईट मी केली आणि तशीच बसने घरी गेले.

मंडई झाली म्हणतात. दुकानं तलावाच्या पाळीपर्यंत होती म्हणतात. नाटकातला खलनायक आमच्याच गावचा, त्याला टाळ्या पडल्या म्हणतात. मी आतल्या खोलीत “पाच मिनिटं” टेकले ती आज सकाळी साडेनऊला उठले. आईने पाहुण्यांना वडे वाढले, बाबांनी पाहुण्यांना एकेक करून दारातून मला दाखवलं. “हे आमची हर्षा. बीएस्सी.” तोंड उघडं, एक चप्पल पायात.

बाबा हसत होते पण पूर्ण हसत नव्हते. “पाहुण्यांनी तुले पाह्यलं. तू कोणालेच नाही पाह्यलं, बाई.”

आईने डबा भरून दिला. मागे लागली, “असं किती दिवस?” म्हटलं, तीस तारखेपर्यंतच. मग कागदावर नियम होणार आहे. आई म्हणाली, “कागद झोपू देते का?”

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचा दिवस फ्रेम करून ठेवावा! सरांचे एक डॉक्टर मित्र दवाखाना पाहायला आले. सरांनी त्यांना सरळ नोटीस बोर्डकडे नेलं. “हे पाहा. आमच्या हर्षाने केलं. नाईटनंतर झोपेचा दिवस वेगळा, सुटी वेगळी. अन् पाच जणांत बसते!” मित्र जवळ जाऊन बघत होते. “आम्हाले तर आठ जण लागतात, तरी रडारड.” सर म्हणाले, “डोकं लागते, डोकं!”

माझे कान गरम झाले. बाबांना फोन केला. उद्यापर्यंत गावाला कळेल.

१७ नोव्हेंबर

एका आजीने विचारलं, आज वार कोणता, माझा उपवास असते. मी बोर्डावर जाऊन बघून आले. सोमवार.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे लिहू की नको. लिहिते. इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू?

काल नाईट केली. सकाळी साडेतीन तास झोपले. दोनला पुन्हा इव्हिनिंगला आले, ती डबल होती. साडेसातला जेवणाआधीचं इन्शुलिन. चार नंबरच्या खाटेवर केशवराव गुरुजी, त्यांना शुगर आहे. पाच नंबरवर सोमाजी, त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालंय, शुगर-बिगर काही नाही.

मी इंजेक्शन भरलं. पाच नंबरवर गेले. सवयीने विचारलं, “नाव सांगा.” ते म्हणाले, “सोमाजी.” मी “हो” म्हटलं. हो म्हटलं! आणि दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. नाव विचारायची सवय मीच सगळ्यांना लावली आहे. मी नाव विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि ते माझ्यापर्यंत आलंच नाही.

सुई दोन बोटांवर होती. सोमाजींनी हात ओढला. “बाई! साखर त्या गुरुजीले आहे! मले तर गोडाचा शिरा पाठवला पोरीनं!” मग स्वतःच हसले. “तुले झोप आली का व?”

काही झालं नाही. गुरुजींना इंजेक्शन दिलं, तीनदा नाव विचारून. ते म्हणाले, “पोरी, मी काय पळून जाऊन राहिलो?”

पळून जाऊन बाथरूममध्ये रडले.

२० नोव्हेंबर

काल रात्री आठला गोदावरीबाई नाईटला आल्या, तेव्हा त्यांना सांगितलं. आधी म्हणाल्या, “झालं नाही ना काही? मंग गप राय.” मग माझं तोंड पाहिलं आणि स्टुलावर बसवलं. बोर्डावरचा चार्ट काढून माझ्या मांडीवर ठेवला.

“मोज. तुझ्या ड्युट्या.”

या आठवड्यात आठ.

“अन् बाकीच्यांच्या?”

सहा, सहा, पाच, सहा.

“मंग चार्टमध्ये पाच जण कुठी आहेत? सहा आहेत. सहावी सिस्टर तूच आहेस, फक्त तिचं नाव तू वेगळं नाही लिहिलं. टीनाची ड्युटी तू करून राहिली व. अन् सर जगाले सांगतात, पाच जणांत बसते!”

मी म्हटलं, तुम्हाला कधीपासून कळलं? “दिवाळीपासून. वाटलं, शिकली-सवरली पोरगी आहे, मोजता येत असन.”

२१ नोव्हेंबर

सगळं उलटं झालंय. मला वाटत होतं मी सिस्टर थांबवतेय. खरं तर मी सहावी सिस्टर येणं थांबवतेय. चार्ट बसतो म्हणून सर कोणाला घेत नाहीत. आणि तो बसतो, कारण मी बसत नाही!

(हे हसायला बरं आहे.)

२३ नोव्हेंबर, रविवार

सरांना सांगितलं. इंजेक्शनचंही सांगितलं, रजिस्टरमध्ये लिहून, सही करून. ते गंभीर झाले. खरंच झाले. “बेटा, तू थकली आहेस. दोन दिवस झोपून घे.”

म्हटलं, माझ्या जागी कोण येणार?

“ते तू चार्टमध्ये पाहा ना.”

मला इतकं हसू आलं! त्यांना कळलंच नाही मी का हसतेय. मग म्हटलं, सर, सहावी सिस्टर घ्या. जाहिरात द्या, कॉलेजला मी फोन करते. ते म्हणाले, “कायले? बसून राहिलं ना! एवढं छान बसवलं तू. तीस तारखेले मी नियमावर सही करतोच. शब्द दिला आहे.” आणि ड्रॉवरमधून टाइप केलेला कागदही दाखवला. ‘नाईट ड्युटी समाप्तीचा दिवस साप्ताहिक सुटीत धरला जाणार नाही.’ फक्त सही बाकी.

किती सुंदर वाक्य आहे ते! आणि चार्टमध्ये ज्या चौकटी मी भरते त्यांच्यावर ते उभं आहे. मी कोऱ्या सोडल्या तर सर म्हणतील, बसत नाही, मग नियम कसला? आणि शालू तोंड पकडायला जाईल.

भरत राहिले तर पुढच्या वेळी सोमाजी हात ओढतीलच असं नाही. सगळे पेशंट जागे थोडेच असतात?

२६ नोव्हेंबर, बुधवार

शालूला सांगितलं. रागावेल वाटलं होतं, पण दुसऱ्याच गोष्टीवर रागावली.

“माह्या सुटीची ड्युटी तू करत होतीस? कोंढ्याच्या मंडईची पण? अन् मले बांगड्या आणू देल्या?” बांगड्यांचा काय संबंध, मला कळलं नाही, पण ती रडतच होती. “मले वाटलं चार्ट हुशार आहे! मी अतुलले सांगितलं, आमच्या हर्षानं असा चार्ट लावला की सगळ्यांले दिवस पुरतात. थे म्हणे, दिवस कुठून आणला तिनं?”

मग दोघी पंख्याखाली आडव्या पडलो.

म्हटलं, मी कोऱ्या सोडल्या आणि सरांनी नियम मोडला तर तू जाशील?

“जाईन,” म्हणाली. लगेच. मग म्हणाली, “पण तू उभ्यानं झोपून राहिली तरी मी जाईन. तुले पाहवत नाही म्हणून. कसंही जाणं आहेच तर तू झोपून तरी घे.”

सल्ला आहे की धमकी?

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सोमाजींना आज घरी सोडलं. जाताना सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, “हे बाई मले गोड मानूस समजून सुई द्यायले आली होती!” मी त्यांचे पाय धरले. ते ओशाळले. “जागेपणी चांगली सिस्टर आहे ही,” असं त्यांच्या मुलीला सांगत गेले.

जागेपणी. दिवसभर तेच डोक्यात.

२९ नोव्हेंबर

रात्री डिसेंबरचा कागद आखला. बाबांचा फोन आला, काय करून राहिली? चार्ट. “बसला?” त्यांनाही आता तो शब्द पाठ झालाय. म्हटलं, नाही बसत, बाबा. मग म्हणाले, “धानाच्या बांधीत पाणी कमी असन तर कमी दिसलं पाहिजे, बाई. नाहीतर तलावाचं दार कोन उघडन?”

३० नोव्हेंबर, रविवार

सरांनी सकाळी नियमावर सही केली. शब्दाचे पक्के. मी आभार मानले, आणि लगेच डिसेंबरचा चार्ट त्यांच्या टेबलावर ठेवला, दुसरी प्रत नोटीस बोर्डवर टाचली. झोपेचा दिवस प्रत्येकाला, नियमाप्रमाणे. दहा तारखेपर्यंत सगळं भरलेलं आहे, सहावी सिस्टर शोधायला तेवढे दिवस. अकरापासून सहा चौकटी कोऱ्या आहेत. त्यांत कोणाचंच नाव नाही. माझंही नाही.